पदीबायची खांड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मी जिच्याकडून ऐकली तिलाही ते ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून गोष्ट काही अडली नाही.

खाडीच्या काठी शेवरखार नावाचं गाव होतं. गावाची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली. मध्ये काय, तर मातीचा एक लांबलचक बांध. बांध राहिला तर गाव राहिलं, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. मोठ्या उधाणात कधी बांधाला भगदाड पडे. त्याला तिथे खांड म्हणतात. खांड ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं आणि ज्याला ऐकू येईल त्यानं टोपली-कुदळ घेऊन धावायचं, असा गावाचा रिवाज. जेवत असाल तर ताटावरून उठायचं, भांडत असाल तर उरलेलं भांडण नंतर भांडायचं. शेवरखारचे लोक भांडायला भारी पटाईत होते, पण या रिवाजापुढे त्यांचंही काही चालत नसे.

या गावात पदीबाय राहत होती. तिचा नवरा कान्हू असाच एका उधाणात धावला होता. माती येईपर्यंत पाणी अडावं म्हणून तो खांडीत आडवा पडला. माती आली, खांड बुजली, गाव वाचलं, पण कान्हू उठला नाही. तेव्हापासून पदीबाय ती जागा राखायची. खेकड्यानं बीळ केलं तर बुजवायची, पावसानं माती खचली तर थापायची. त्या जागेवरून जाताना ती पाऊल हलकं टाकायची. ती बांधावरून चालली की खाडीचं पाणीसुद्धा आवाज कमी करायचं, असं म्हणतात.

एका हिवाळ्यात गावामागच्या टेकडीवरच्या गढीतून रायाजी नाईक खाली आला. गढी त्याच्या ताब्यात होती. त्यानं गाव गोळा केलं आणि सांगितलं, "समुद्रापलीकडून फौज येते आहे. ही गढी पडली तर मागचा सगळा मुलूख उघडा पडेल. माझ्याजवळ शिपाई मूठभर. तुमच्यातलं कोण कोण लढेल?"

 गावाचा कारभारी, म्हातारा जोमा, उठून म्हणाला, "नायका, आमचे हातान कुदल हाय. ती मातीवर मारायची. मानसावर कशी मारायची, ता आमाला ठाव नाय."

नाईक संतापला. जाताना सगळ्यांना भ्याड म्हणून गेला. गावानं ते मुकाट ऐकून घेतलं. खरं सांगू का, मला त्यांचा राग येत नाही. ज्यानं जन्मात कोंबडी सोडून काही कापलं नाही, त्याच्या हातात तुम्ही तलवार द्या आणि बघा.

पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भरतीबरोबर गलबतं खाडीत शिरली. गावानं गुरं, पोरं, धान्य घेतलं आणि टेकडीवरच्या रानात पळ काढला. पदीबाय तेवढी गेली नाही. "उंद्या उधान हाय," ती म्हणाली, "बांधावर कुनी तरी पायजे."

सकाळी फौज गलबतांतून उतरून गढीकडे निघाली. भात कापून झालेलं, शेतं अंगणासारखी टणक. तोफांचे गाडे त्यावरून विनासायास चालले होते. फौजेला बांधावर एक बाई दिसली, हातात कुदळ, डोक्याला फडकं. ते हसले आणि पुढे गेले.

पदीबाय बघत राहिली. फौज शेतांच्या मधोमध पोचली. इकडे भरती चढत होती. आता बांध फुटला तर हे सगळे चिखलात रुतणार, हे तिला दिसलं. पण वर्षानुवर्षं तुडवलेला बांध एकट्या बाईला फुटतो थोडाच? जिथली माती सगळ्यांत नवी, तेवढीच जागा लवकर सुटली असती. ती जागा कान्हूची होती.

तिनं बांधाला कपाळ टेकलं. ती काय बोलली ते कोणी ऐकलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. मग तिनं कुदळ उचलली. असं म्हणतात की एकाच घावात माती आपणहून सुटली, जणू आतून कोणी तरी तिला ढकलून दिलं. पाणी घोंगावत शेतात शिरलं.

रानाच्या कडेला बसलेल्या जोमाला शेतात पाणी चमकताना दिसलं. तो उभा राहिला आणि ओरडला, "खांड परली!"

झालं. बायकांनी पोरं म्हाताऱ्यांच्या मांडीवर टाकली, पुरुषांनी कुदळी उचलल्या, आणि अख्खं गाव टेकडी उतरू लागलं. खाली फौज आहे, तोफा आहेत, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. खांड पडली म्हणजे धावायचं, एवढंच त्यांना माहीत. गढीवरून रायाजी नाईक डोळे चोळत बघत होता. लढायला चला म्हटलं तेव्हा एक माणूस हललं नव्हतं. फौजेला तर वाटलं, रानात दडलेलं सैन्यच बाहेर पडलं. त्यांच्या रांगा तिथेच विस्कटल्या.

गाव त्या रांगांच्या बाजूनं तसंच धावत बांधावर पोचलं आणि धपाधप माती टाकू लागलं. पदीबाय कमरेइतक्या पाण्यात उभी होती.

"माती नको," ती म्हणाली. "फोरा. अजून फोरा."

"पदे, ही कान्हूची जागा हाय गो," जोमा म्हणाला.

"त्यालाच इचारून फोरलीय."

"शेतां खारी होतील. खानार काय?"

पदीबायनं तोफांकडे बोट केलं. "पानी आत येतं, आपुन भायेर काढतो. आज्या-पंज्यापासून त्येच करतोय. ही मानसं येकदा बसली तं कंच्या बांधानं भायेर काढशील?"

 ज्या बांधासाठी त्यांची माणसं मेली होती, तो त्यांनाच तोडायचा होता. बायका रडत होत्या. मग जोमानं कुदळ वर केली आणि बांधावर घातली. त्याच्यामागून सगळ्यांनी घातली.

त्या दिवशी समुद्र नेहमीच्या खुणेवर थांबला नाही, असं म्हणतात. तोफा चाकांसकट चिखलात रुतल्या, बैलांचे कासरे कापून त्यांना सोडावं लागलं. फौजेनं बंदुका झाडल्या, गावातली काही माणसं पडली. पण चिखलात कसं चालायचं ते शेवरखारला शिकवावं लागत नाही. ते फौजेवर तुटून पडले, आणि कुदळ माणसावर कशी मारायची तेही त्यांना त्या दिवशी कळलं. वरून नाईक आपले शिपाई घेऊन उतरला. संध्याकाळच्या ओहोटीत उरलेली फौज घेऊन गलबतं निघून गेली. ती परत आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी रायाजी नाईकानं पदीबायचे पाय धरले आणि काय इनाम हवं ते माग म्हणाला. ती म्हणाली, "टोपली घे न माती टाक." नाईकानं तो सगळा हंगाम डोक्यावरून माती वाहिली. ही गोष्ट सांगताना गावाला अजून गुदगुल्या होतात.

बांध उभा राहिला, पण शेतात मीठ बसलं होतं. गाव मासे, कंदमुळं खाऊन राहिलं. दर पावसाळा सरला की पदीबाय शेतातली चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि मान हलवायची. वर्षं गेली. पोरं भाताची चव विसरली. काही घरं गाव सोडायच्या बेताला आली. पदीबाय अंथरुणाला खिळली. तेव्हा जोमा शेतातली माती घेऊन तिच्याजवळ बसला आणि तिच्या जिभेवर ठेवली.

"कशी हाय?"

तिनं बराच वेळ ती घोळवली. "गोड हाय," म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.

उरलेली माती जोमानं आपल्या तोंडात टाकली. ती मिठासारखी खारट होती. तो बाहेर आला आणि गावाला म्हणाला, "पदीबायनं सांगितलंय, गोड हाय. पेरा."

गावानं पेरलं. आणि असं म्हणतात की त्या खाऱ्या मातीतून भात वर आलं. दाणा लाल होता.

आजही शेवरखारात पेरणीआधी घरातलं थोरलं माणूस शेतातली चिमूटभर माती तोंडात टाकतं. तिथलं कोणी पोर फौजेत भरती व्हायला निघालं की आई त्याला बांधावर नेते. तू लढशील का, असं ती विचारत नाही. चिमूटभर माती त्याच्या जिभेवर ठेवते आणि विचारते, "कशी हाय?"

माती अजून खारटच आहे. मी स्वतः चाखली आहे. पण त्या गावात आजवर एकाही पोरानं तसं सांगितलेलं नाही.