बुंध्याजवळचं घरटं

एका माळावरच्या विहिरीवर एक बाभूळ वाकली होती आणि तिच्यावर सुगरण पक्ष्यांची वसाहत राहत असे. मुलांनो, या पक्ष्यांत घरटं नर विणतो आणि मादी ते पसंत करते, अशी रीत. पण तिथल्या दोन नरांचा एकमेकांवर जीव जडला. नवरा-बायकोचा जडतो तसाच, काडीचाही फरक नाही. एक विणण्यात पटाईत, दुसरा आवाजाने खणखणीत. दोघांनी मिळून एकच घरटं विणायला घेतलं आणि वसाहतीचं पित्त खवळलं.

"हे घरटं पसंत कोणी केलं?" म्हाताऱ्या कारभाऱ्याने दरडावलं.

"आम्ही एकमेकांना पसंत केलं, आजोबा," विणणारा म्हणाला.

"असली थेरं आमच्या पिल्लांसमोर नकोत! राहायचं तर तिकडे बुंध्याजवळ राहा."

बुंध्याजवळ धामण आधी पोचते. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर ती जागा दिली! दोघं तिथेही सुखाने राहिले. धामण चढताना दिसली की खणखणीत आवाजाचा ओरडे, "धामण आली हो!" मग सगळे मिळून तिला टोचून हाकलत. त्याचे कोणी आभार मानले? नाव नको.

एके दुपारी विणणारा डोकं आत घालून घरटं सांधत होता. जोडीदाराने हाक दिली, वसाहत सावध झाली, पण विणणाऱ्याला बाहेर पडायला उशीर झाला. धामणीने त्याला उचललं.

जोडीदार घरट्याच्या दाराशी ऊर फुटेस्तोवर रडू लागला. तेवढ्यात मेलेल्याचा भाऊ हजर! आजवर हा त्या फांदीकडे फिरकलाही नव्हता, पण इतकं घट्ट घरटं बाभळीवर दुसरं नव्हतं ना.

"चल ऊठ. माझ्या सख्ख्या भावाचं घरटं आहे हे."

"आम्ही दोघांनी विणलंय ते. मला निदान इथे रडू तरी द्या!"

"तू रडणारा कोण? तो तुझा लागत कोण होता?"

जोडीदाराने आशेने कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी म्हणाला, "मित्रच होता ना? मित्रासाठी कोणी एवढा गळा काढत नाही." बाभळीवर हशा पिकला. मेले हसले कसे, देव जाणे.

घरटं भावाने बळकावलं आणि जोडीदार समोरच्या बोरीवर जाऊन बसला. रोज तोच आक्रोश, "धामण आली हो, नेलं हो त्याला!" आणि रोज तेच हसणं.

मग एका सकाळी त्याला खरंच बुंध्यावर धामण दिसली. माझं काय जातं, असं म्हणून तो गप्प बसू शकला असता. तो बसला नाही. जीव तोडून ओरडला, "धामण आली हो!"

"झालं याचं सुरू," भाऊ म्हणाला. कारभाऱ्याने मानही वळवली नाही. धामण निवांत चढली. आधी भावाची अंडी गेली, मग शेजारची, मग कारभाऱ्याची नातवंडं.

संध्याकाळी कारभारी धडपडत बोरीवर आला. "माझी नातवंडं गेली रे!" म्हणून टाहो फोडू लागला.

जोडीदाराने सरकून त्याला जागा दिली. "रडा, आजोबा," तो म्हणाला. "ती तुमची कोण होती, असं तुम्हाला कोणी विचारणार नाही."

तात्पर्य : ज्याच्या प्रेमाला आपण प्रेम म्हणत नाही, त्याचं रडणं आपल्याला तमाशा वाटतं, आणि मग त्याने आपल्यासाठी मारलेली हाकही आपल्याला ऐकू येत नाही.