निळ्या हाताची वेस

वाल्द्राक शहराला उतरत्या बाजूने, म्हणजे नदीकडून, एक वेस आहे. तिला रंगाऱ्यांची वेस म्हणतात. तिची दोन्ही दारे सताड उघडी असतात आणि त्यांच्या खालच्या कडा जमिनीत रुतल्या आहेत. आतल्या बाजूला, भिंतीच्या पायाशी, दार लावायचा लाकडी अडसर आडवा पडलेला आहे. तो कुणी उचलत नाही. वेशीशेजारी दगडी भिंतीत कोपरापर्यंत हात जाईल एवढे भोक आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात घालून घालून त्याची कड गुळगुळीत झाली आहे.

शहर दाखवायला मादाम सोलांज होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात काठी, पण चढावर आमच्या पुढे. त्या फ्रेंचमध्ये सांगत होत्या आणि मी आमच्या नाशिककर मंडळींसाठी मराठीत सांगत होते. चर्च, बाजारचौक, जुना पूल हे सगळे त्यांनी भराभर उरकले. वेशीपाशी मात्र थांबल्या. म्हणाल्या, इथे घाई करायची नाही.

फार पूर्वी, असे सांगतात, हे शहर निळ्या रंगावर जगत असे. शेतात एक झाड पिकायचे, त्याची पाने आंबवून रंग काढायचा. त्या आंबवणाचा वास असा, की रंगाऱ्यांची पिंपे शहराबाहेर, नदीकाठी ठेवलेली. हंगामात रंगारी बायका-पुरुष तिथल्याच पडव्यांत राहायचे आणि हंगाम संपला की घरी परतायचे. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. लहान मुलेसुद्धा हात पाहून सांगत, हा रंगारी.

एका वर्षी हंगाम चालू असतानाच दक्षिणेकडून महामारीची बातमी आली. या रोगात माणसाची बोटे काळी पडतात, असे व्यापाऱ्यांनी सांगितले. शहराच्या पंचांनी त्याच दिवशी वेस बंद केली आणि नियम केला: येणाऱ्याने भिंतीतल्या भोकातून हात आत घालायचा. पहारेकऱ्याने तो पाहायचा. बोटे काळी दिसली, तर वेस उघडायची नाही.

रंगाऱ्यांची आठवण कुणालाच झाली नाही म्हणे. झाली तेव्हा ते वेशीबाहेर उभे होते.

वेशीवर आन्सेल्म नावाचा पहारेकरी होता. बायको वारलेली, एकच मुलगी, ओदील. ती रंगाऱ्यांत काम करायची. तिची करंगळी वाकडी होती. लहानपणी ती याच वेशीच्या दारात चिमटली होती. त्या संध्याकाळी भोकातून निळे हात एकामागून एक आत आले, तेव्हा एका हाताची करंगळी पाहून आन्सेल्मने तो ओळखला.

हा रंग आहे, रोग नाही, हे त्याला ठाऊक होते. पंचांनाही ठाऊक होते. पण निळ्याखाली काळे असेल तर? पंचप्रमुखाने हा प्रश्न विचारला आणि वेस बंदच राहिली. आन्सेल्म भोकाशी वाकून मुलीला एवढेच म्हणाला, "धुऊन ये."

तिने नदीच्या वाळूने हात घासले. दुसऱ्या संध्याकाळी हात निळाच. "धुऊन ये." मग राखेने, मग दगडाने. निळे जाईना, कातडी मात्र गेली. रक्त पाहून पंच आणखीच घाबरले. बाहेर थंडी वाढत होती आणि पडव्यांतून खोकल्याचे आवाज वेशीपर्यंत येत होते. आन्सेल्म दिवसभर संध्याकाळच्या घंटेची वाट पाहायचा आणि घंटा झाली की त्याला वाटायचे, आज ती करंगळी आलीच नाही तर?

"बापाने उघडायचं ना दार," आमच्या खाडिलकरकाकू मध्येच म्हणाल्या. मी ते मादामना सांगितले. त्या म्हणाल्या, "वेशीच्या आत उभं राहून असं वाटतं खरं. पण त्याच्यामागे सगळं शहर उभं होतं, आणि त्या शहरातही लेकरं होती."

शेवटी एका म्हाताऱ्या रंगारणीने ओदीलचे सोललेले हात पिंपात बुडवले. त्या पाण्याने जखम सुकते, अशी त्यांची समजूत. ओला हात तसाच घेऊन ओदील वेशीशी आली. आन्सेल्मने पाहिले, हात निळा नव्हता. कोवळ्या पानासारखा पिवळट हिरवा होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, आणि तो तापाने पोळत होता. त्याला सोडवेना. हवा लागली तसा त्याच्या मुठीत तो हिरवा हात हळूहळू निळा होत गेला, आणि त्याबरोबर त्याचे स्वतःचे तळवेही.

पंचप्रमुख मागे सरला. म्हणाला, "आन्सेल्म, तुझा हात दाखव."

त्याने दाखवला.

"धुऊन ये."

आन्सेल्म म्हणाला, "येतो. नदी बाहेर आहे." आणि निळ्या हातांनी अडसर उचलून त्याने भिंतीशी टाकला.

वेस उघडली. तो बाहेर गेला आणि मुलीला उचलून आत घेऊन आला. मागून सगळे रंगारी आले. त्यांना अडवायचे, तर अडसर लावायला हवा होता. पण त्यावर निळे पंजे उमटले होते. ज्यांनी नियम केला, त्यांच्यातल्या एकालाही त्याला हात लावायचे धाडस झाले नाही. वेस उघडी राहिली ती भीतीमुळे, असे मादाम म्हणाल्या, आणि मला वाटते हे त्यांनी मुद्दाम सांगितले.

ओदील जगली का, असे काकूंनी विचारले. कुणी म्हणतात जगली, कुणी म्हणतात त्याच आठवड्यात गेली. शहरात त्या हिवाळ्यात माणसे दगावली. ती कुणामुळे दगावली, हे मात्र या शहरात विचारत नाहीत.

आजही अडसर तिथेच पडून आहे. आजही नदीकडून येणारा माणूस वेशीतून शिरण्याआधी त्या भोकात हात घालतो आणि आतून कुणी तो धरेपर्यंत थांबतो. आम्ही वेशीबाहेर गेलो आणि काकूंनी हात घातला. आत दगडाचा गारठा, पलीकडे कुणाची चाहूल नाही. "कुणी आलंच नाही तर गं?" त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. बराच वेळ गेला. मग आतून कुणीतरी हात धरला आणि त्यांचा खांदा सैल झाला.

धरणाऱ्यासाठी नियम एकच आहे. आधी हात धरायचा. पाहायचा नंतर.