अर्धवटाची बेरीज

येसबानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. गणित तो आपलं आपणच शिकला होता. मीठ आणायला निघायचा आणि वाटेतल्या भिंतीवर कोळशानं आकडे मांडता मांडता संध्याकाळ करायचा. मीठ राहूनच जायचं. गाव त्याला अर्धवट म्हणे, आणि येसबालाही त्यात खोटं काही दिसत नसे.

पण त्यानं सांगितलेली ग्रहणाची वेळ तंतोतंत जुळली, तेव्हा राजेसाहेबांनी त्याला संस्थानच्या शाळेत गणित शिकवायला बोलावलं. तिथले मुख्य पंडित त्रिविक्रमशास्त्री भरदरबारात कडाडले, "सरकार, मी पुरा शहाणा, हा अर्धवट! आमची बेरीज व्हायची कशी?"

येसबानं कान खाजवला. "मलाही तीच धास्ती आहे, सरकार. एक शहाणा आणि वर अर्धा, म्हणजे झाला दीडशहाणा! मला नावं ऐकून घ्यायची सवय आहे हो. शास्त्रीबुवांना या वयात कसं सोसायचं?"

राजेसाहेब इतके हसले की पागोटं सावरावं लागलं. येसबा शाळेत लागला.

पुढे लोक तिला 'दीडशहाण्यांची शाळा'च म्हणू लागले. शास्त्रीबुवा ते ऐकून लाल होत. येसबा मात्र नव्या पोरांना आपली ओळख करून देई, "त्यातला अर्धा तो मी."