पंधरा दिवसांमागचं तळं

जे कधी घाट उतरले नाहीत, त्यांनीच घाटाखालच्या माणसाला खोटं ठरवलं. आणि वर छाती ठोकून सांगितलं, "आम्ही डोळ्यांनी पाहिलंय!"

फार पूर्वीची गोष्ट. त्या काळी उजेड सपाटीवर आजच्यासारखाच धावायचा, पण चढ आला की त्याला धाप लागायची. एका उंच गडाच्या पायथ्याशी एक गाव होतं. माणूस तीन दिवसांत घाट चढायचा. उजेडाला मात्र पंधरा दिवस लागायचे. गावात आज घडलेलं गडावर पंधरा दिवसांनी दिसायचं. गावातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक होतं. दरबारात कुणाला ठाऊक नव्हतं.

गावाला एक तळं होतं आणि तळ्याच्या बांधावर एक उतारवयाचा राखणदार. एका सकाळी त्याला बांधात बोटभर भेग दिसली. राजाच्या हुकमाशिवाय बांधाच्या दगडाला हात लावायची बंदी होती, आणि गवंडी राहायचे गडावर. राखणदाराने भाकरी बांधून घेतली आणि घाट धरला.

दरबाराची एक रीत होती. कुणीही गाऱ्हाणं आणलं, की राजा आधी झरोक्यातून खाली बघायचा. झरोक्याला दूरचं जवळ दाखवणारं भिंग होतं.

राजाने पाहिलं आणि त्याला हसू आलं. "बांध तर धड आहे. आणि बांधावर भाकरी खात बसलाय तो कोण? तूच ना?"

"मीच, महाराज. पण पंधरा दिवसांमागचा."

"वा! एकाच वेळी दोन ठिकाणी!" प्रधान म्हणाला. "मोठा सिद्धपुरुष आलाय!"

दरबार खो खो हसला.

"महाराज, उजेड घाटात दमतो," राखणदार म्हणाला. "मीही दमलो, पण त्याच्या आधी पोचलो."

"भेग आम्हाला दिसेल, त्या दिवशी गवंडी निघतील," राजा म्हणाला. "जा."

राखणदार खाली आला. भेगेत आता मूठ जात होती. पोटऱ्या सुजल्या होत्या, तरी तो पुन्हा घाट चढला.

राजाने पुन्हा झरोक्यातून पाहिलं. "आज तर तू जाळं विणत बसलायस!"

"महाराज, तुमच्यासमोर उभा आहे तो मी. माझ्या पायांकडे तरी बघा."

"झरोक्यातला तू चांगला धडधाकट दिसतोस," प्रधान म्हणाला.

पुन्हा हशा झाला. राखणदाराला वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं. तो पायरीवर टेकला, घोटभर पाणी प्याला आणि उठला. तिसऱ्यांदा इथे यायचं नाही, उरलेलं बळ गावासाठी ठेवायचं, हे त्याने उतरतानाच ठरवलं.

गावात पोचताच त्याने घरोघर सांगितलं, "भांडीकुंडी बांधा. बांध काही राहत नाही."

दुसऱ्या सकाळी गाव निघालं. म्हातारीकोतारी, शेरडं, पाळण्यातली लेकरं, सगळे. त्याच्या दुसऱ्या दिवशी बांध फुटला.

आणि त्याच्याही दुसऱ्या दिवशी राजाला झरोक्यातून बोटभर भेग दिसली! "बघा, वेळेत दिसली!" त्याने ताबडतोब गवंडी पाठवले, दरबारात पेढे वाटले.

सहा दिवसांनी गवंडी परत आले, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. "महाराज, खाली तळं नाही. गावही नाही."

"काहीतरीच! हे बघा, तळं काठोकाठ आहे, बाया पाणी भरताहेत." राजा रोज झरोक्यात बसू लागला. रोज त्याला गाव दिसायचं, आणि रोज भेग थोडी रुंद झालेली दिसायची. खाली जाऊन आलेले गवंडी मात्र बांधावर एकदाही दिसले नाहीत.

मग एका सकाळी त्याला डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसांची रांग दिसली. शेवटी राखणदार होता. त्याने एकदा मान वर करून गडाकडे पाहिलं, आणि पाठ फिरवली.

"थांबा!" राजा झरोक्यातून जीव तोडून ओरडला. "अरे, थांबा!"

भिंग पुसणारी एक म्हातारी तिथे होती. तिचं माहेर घाटाखालचं. ती हातातलं फडकं झटकत म्हणाली, "महाराज, ती माणसं पंधरा दिवसांमागेच गेली. आता तात्पर्य ऐकायचं असेल तर ऐका: लांबचं डोळ्यांना दिसतं ते शिळं असतं, ताजं काय ते तिथून चालत आलेल्याला विचारावं."