बिबटेरावाच्या अंगणातली मूळ-तपासणी

एक होतं रान. रानाला होता राजा. म्हणजे असणारच, राजा नसला तर जनावरांनी भ्यायचं कुणाला? राजाचं नाव बिबटेराव. त्यानं जन्मात कधी गवत चाखलं नव्हतं, म्हणून गवताचा सगळा कारभार त्यानं आपल्याच दरबारात ठेवला होता.

राजाच्या गुहेपुढे झऱ्याकाठी हरळीचं अंगण होतं. बाकीचं रान फाल्गुनातच करपायचं, पण हे अंगण वैशाखापर्यंत हिरवं राहायचं. ससे आणि हरणं उन्हाळाभर तिथंच चरून जगायची. अंगण राखायची साळूबाई नावाची साळिंदरीण. लव्हाळ्याचं तण दिसलं तरी ती ते घाईनं ओढत नसे. माती हळूच उकरायची, खालची गाठ शोधायची आणि खाऊन टाकायची. "गाठ आत राहिली की एकाचे चार होतात गं," असं ती सशांच्या भुरीला सांगायची. भुरीला दरसाल पाच पिल्लं व्हायची, आणि त्या पाचांचा उन्हाळा या अंगणावरच निघायचा.

मग निवडणूक झाली. बिबटेराव निवडून आला, कारण मतमोजणी त्याच्याच गुहेत होती. विजयसभेसाठी अंगणावर झावळ्यांचा भलामोठा मांडव घातला. सभा तासाभरात उरकली. मांडव मात्र तीन पावसाळे तसाच राहिला, कारण विजय अजून चालूच आहे असं दरबाराचं म्हणणं होतं. महाराजांचे पंजे प्रजेला नीट दिसावेत म्हणून गवत मातीसरसं कापायचा हुकूम सुटला. दर आठवड्याच्या सभेला रेडे येत, त्यांनी जमीन तुडवून दगडासारखी केली. हरळी विरळ झाली, उघड्या जागेत लव्हाळा घुसला, आणि मांडवाखालच्या ओलसर सावलीत शेवाळ धरलं.

साळूबाई हिरवळमंत्री तरसरावाकडे गेली. तरसराव जन्मतःच हसऱ्या तोंडाचा, त्यामुळे तो ऐकून घेतो असा रानात समज होता.

"साहेब, मांडव काढा," साळूबाई म्हणाली. "ऊन लागू द्या. माती मोकळी करू. गवत चार बोटं वाढू द्या, म्हणजे हरळीच तणाला जागा देणार नाही. चैत्र दोन महिन्यांवर आलाय."

"साळूबाई, तुम्ही जुन्या जाणत्या," तरसराव म्हणाला. "पण मांडव काढायचा म्हणजे विजय काढायचा. दुसरं काहीतरी सांगा."

"दुसरं काही नाहीच साहेब. सावली आहे तोवर शेवाळ आहे."

"म्हणजे तण बाहेरून आलंय," तरसराव म्हणाला आणि हसला. ती ‘बाहेर’ हा शब्दही बोलली नव्हती, पण इतिवृत्तात तो तिच्याच नावावर लिहिला गेला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. अंगणातल्या प्रत्येक गवतानं आपलं मूळ दाखवावं. हरळीचं मूळ निघालं तर ते खरं गवत, नाहीतर खोटं. घोषणाही ठरली: मूळ दाखवा, मान मिळवा. कामाला दोनशे घुशी नेमल्या. त्या एकेक काडी उपटायच्या, मूळ हुंगायच्या आणि खऱ्याचा ढीग खडकावर लावायच्या. वर पळसाच्या पानावर पंजाचा शिक्का असलेला दाखला ठेवायच्या.

साळूबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, खरं आहे ना ते? मग परत लावा की मातीत."

"परत कशाला?" मुख्य घूस म्हणाली. "दाखला मिळालाय त्याला. आता त्याला कसली भीती?"

दाखला मिळालेलं गवत खडकावर उन्हात वाळत गेलं. साळूबाई रोज ओंजळीनं पाणी नेऊन त्यावर शिंपडायची, पण खडकात मूळ धरतंय कशाला? इकडे लव्हाळ्याची पाती उपटली जायची आणि गाठ आत राहायची. एकाचे चार झाले, चाराचे सोळा. तरसरावानं ते आकडे दरबारात वाचून दाखवले आणि म्हणाला, "बघा, शत्रू किती आत शिरला होता. बरं झालं आपण वेळेत जागे झालो." घुशी चारशे केल्या.

शेवटी मांडवाखालचं शेवाळ उरलं. मुख्य घुशीनं ते खरवडलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि गोंधळून तरसरावापुढे ठेवलं.

"साहेब, याला मूळच नाही."

"मूळ नाही, म्हणजे खोटं मूळही नाही," तरसराव म्हणाला. "याच्यावर संशय घ्यायला जागाच नाही. शिवाय तीन वर्षं महाराजांच्या सावलीत आहे, हूं की चूं केलेलं नाही. द्या दाखला." शेवाळाला उपटायचीही गरज पडली नाही, दाखला त्याला जागेवर मिळाला. मग मांडव झऱ्यापर्यंत वाढवला आणि शेवाळही मागोमाग झऱ्यापर्यंत गेलं. लव्हाळासुद्धा त्या अंधारात टिकला नाही.

चैत्र आला. भुरी यंदाच्या पाचही पिल्लांना घेऊन अंगणात आली. सगळं हिरवंगार होतं, आणि तोंडात धरण्याजोगी एक काडी नव्हती. पिल्लांनी शेवाळ चाटून पाहिलं आणि थुंकलं. मग पिल्लं खडकावर गेली, आणि वाळून भुगा झालेल्या गवताच्या ढिगावरचे पळसपानांचे दाखले चावत बसली.

त्याच दिवशी सभा होती. बिबटेराव मऊ शेवाळावर उभा राहिला. त्याचे पंजे छान दिसत होते.

"प्रजाजनहो, आपल्या अंगणात आज एकही तण नाही," तो म्हणाला. "बाहेरच्या रानांत जाऊन बघा, सगळीकडे पिवळं पडलंय. आपलं हिरवं आहे."

"महाराज, हिरवं आहे, पण खायचं काय?" भुरीनं विचारलं.

हरणं मान खाली घालून उभी राहिली, त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. तरसराव हसतमुखानं पुढे आला.

"प्रश्न चांगला आहे," तो म्हणाला. "कोण विचारतंय ते आधी पाहू. गवताचं काम संपलं. उद्यापासून गवत खाणाऱ्यांची तपासणी. प्रत्येकानं आपलं मूळ घेऊन यायचं."

सगळ्यांनी पाय आपटून स्वागत केलं. खाली शेवाळ असल्यामुळे आवाज झाला नाही.

परतताना भुरी साळूबाईला बिलगूनच चालत होती. पिल्लांच्या ओठांना पळसपानांचे तुकडे चिकटले होते. "साळूमावशी, आमचं मूळ तर तिकडे टेकडीखालच्या जुन्या बिळात आहे," ती म्हणाली. "माझ्या पणजीनं खणलंय ते. उद्या नेऊन दाखवू त्यांना?"

साळूबाईनं मागे वळून खडकावरचा वाळका ढीग पाहिला, मग मांडवाखालचा तो हिरवा गालिचा पाहिला.

"नको," ती म्हणाली. "मूळच नाही म्हणून सांग. इथं बिनमुळाचे तेवढेच शिल्लक राहिलेत."