खाडीतली दुसरी घटना

समुद्राच्या काठी एक राज्य होतं. तिथे गेंडेमहाराज राज्य करत, कारण कातडीच्या जाडीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

किनाऱ्यावर अणुभट्टी होती. तिथून नको ते पाण्यात गेलं, की ‘घटना घडली’ असं दरबारात कळवायचं आणि मगच भोंगा वाजवायचा, असा नियम. कळवायचं काम माझ्याकडे. मी बगळा. पांढरे कपडे जन्मजात, त्यामुळे मुलाखत झालीच नाही. हुद्दा ‘घटना अधिकारी’. पाटी वाचून लोक मला कायद्याचा मोठा पंडित समजत आणि नमस्कार करत. मी कशाला खरं सांगतोय!

एके सकाळी गोदीबाय चिंबोरी, खाडीतली खेकडीण, धापा टाकत आली.

“अवो बगळेसायब, भट्टीचं कढत पाणी खाडीत सुटलंय! माझी पोरं चिखलात खोल बसलीत. हाका मारून घसा बसला. भोंगा झाला की येतील वर. लवकर करा वो!”

“बाय, हे माझं खातं आहे,” असं म्हणून मी पिसं नीट केली आणि दरबारात गेलो.

“महाराज, राज्यात एक घटना घडली आहे.”

“एकच आहे,” महाराज म्हणाले. “आमच्या आजोबांनी लिहिली. पवित्र आहे.”

“ही दुसरी, महाराज. आज सकाळची.”

मग तरस प्रधान किंचाळला, “दुसरी घटना! ऐकलंत? हा बगळा घटना बदलायला निघालाय!”

दारातून गोदीबाय ओरडली, “अवो, पाणी तापलंय एवढंच सांगा ना!” पण इतकं साधं बोलायला मी काय चिंबोरी होतो? मी खुलासा केला, “महाराज, खाडीचं तापमान घटनाबाह्य झालं आहे.”

झालं! विरोधी बाकांवरचे कोल्हेही उठले. “घटनेचा अपमान सहन करणार नाही!” दोन्ही बाजू प्रथमच एकत्र आल्या. श्रेय माझं.

लगेच हुकूम निघाला: यापुढे राज्यात दुसरी घटना घडणार नाही, घडली तर तो देशद्रोह. मग मोर्चा निघाला. “एक राज्य, एक घटना!” भोंगा घटनेसाठीच होता, म्हणून तो मोर्चाच्या गाडीवर चढवला आणि वाजवत वाजवत डोंगराकडे नेला.

परत येईपर्यंत खाडी लालभडक झाली होती. शिजलेली चिंबोरी लाल होते, हे ताटावर बसल्यावर सगळ्यांना कळतं. महाराज गहिवरले. “प्रजेनं आमच्यासाठी लाल गालिचा अंथरलाय!” पहिली टाळी मी वाजवली. माझी बढती तिथेच झाली.

आता निवडणूक आली आहे. दोन्ही पक्ष घटना वाचवणार आहेत. हे आश्वासन घेऊन मी गोदीबायच्या खडकावर गेलो.

“वाचवा वो,” ती म्हणाली. “माझं एकपण पोर वाचलं नाय.”

मला फार वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. दोन्ही पक्षांना जाऊन विचारलं. पोरांना मताचा अधिकार नव्हता, त्यामुळे दोघांनीही भाष्य करायचं टाळलं.