वस्ताद पुरावाच प्याले

ह्यातला एक शबुद जरी तुम्ही खरा मानलात, तर मी हरले म्हणा. बाईमाणसाला तालमीत पाय ठेवू देत न्हाईत, मग म्हातारे, तुला हे कसं ठावं, असं विचाराल. विचारा की. तालमीची खिडकी बुटकी हाय, एवढंच सांगते.

"थंडाईत कुणी काय घातलं, तर काळीज अडखळतं का वस्ताद?"

असं विचारत होता धैर्यशील. ऐन विशीतला पैलवान. मान रेड्याची, आणि ताठा त्या मानेपेक्षा जाड. दुसऱ्या दिवशी मैदानासाठी वजनं व्हायची होती. त्याच्या गटात तालमीतनं एकालाच उतरता येणार, आणि तो एक म्हंजे आपणच, हे त्यानं कवाच धरून टाकलेलं.

मौला वस्ताद आखाड्याच्या कडंला बसून मातीतले खडे वेचत होते. म्हातारे झालेले, पण नजर कशी, गाठोड्यातलंबी दिसावं अशी.

"अडखळतं म्हंजे?"

"चालता चालता थांबतं. मग एकदम उडी मारतं, मासळीगत. मग परत बरं... मग परत तेच."

"संशय कुणाचा?"

धैर्यशीलनं नुसती हनुवटी हलवली. कोपऱ्यात दिगंबर बसला होता, दगडी कुंडीत बदाम घोटत. तालमीची थंडाई तोच करायचा. आणि धैर्यशील बाद झाला, तर मैदानात तोच जाणार होता.

"मी पडलो की ह्याचं फावतं," धैर्यशील हळूच म्हणाला. टॉवेलाखाली लपवलेला तांब्या त्यानं पुढं केला. "ही आजची थंडाई. मी ओठ लावला न्हाई. हा घ्या पुरावा, आणि ह्याला तालमीतनं हाकला."

वस्तादांनी तांब्या घेतला. वास घेतला. आत बघितलं...

आणि घटाघटा सगळा पिऊन टाकला.

"अवो वस्ताद! पुरावा प्यालात की!"

"वेलची कमी पडलीया," वस्ताद मिशा पुसत म्हणाले.

धैर्यशील त्यांच्या तोंडाकडं बघत उभा. आता डोळे फिरतील, आता आडवे होतील... वस्तादांनी मोठी ढेकर दिली.

"तू शेवटची कवा प्यालास ही?"

"मी खुळा हाय व्हय? संशय आला तवाच बंद केली."

"मग अडखळायचं थांबलं?"

"न्हाई... वाढलं."

"न पिता?"

"म्हंजे आता तो पाण्यात घालतोय! म्हणून कालपासनं पाणीबी बंद."

"अस्सं."

"तसंबी वजन उतरवायचंच होतं. अंगाला प्लास्टिक गुंडाळून पळतोय. वर एक गोळी घेतोय, लघवीवाटं वजन झरतं. सगळेच घेत्यात."

"ती गोळी दिगूनं आणून दिली?"

"त्याच्या हातचं मी घेईन? माझी मी आणली, तालुक्याला जाऊन."

"हं..."

धैर्यशीलला वाटलं, पटलं म्हाताऱ्याला.

"दिगू, इकडं ये रं. ह्याला माती लाव."

कुस्तीआधी दोन गडी एकमेकाच्या अंगाला माती लावतात, ते तुम्ही बघितलं असंल. लोकांना वाटतं, मानपान हाय. कसला मानपान! एखाद्यानं अंगाला चोरून तेल चोपडलं असंल, तर ते हाताला कळतं. सगळा संशयाचाच कारभार.

दिगंबरनं मूठभर माती घेतली. धैर्यशीलच्या छातीवर तळवा फिरवला...

तळवा मधेच थांबला. दिगंबरचं तोंड उतरलं.

"वस्ताद... हे बरं न्हाई. लागतंय, थांबतंय, लागतंय... ह्याला दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ताच."

"बघितलं?" धैर्यशील कडाडला. "मला दवाखान्यात घालायचं आणि उद्या आपण काट्यावर चढायचं! हाच ह्याचा डाव!"

"तुझी माती राहिली की," वस्ताद म्हणाले. "तू लाव त्याला."

धैर्यशीलनं रागारागानं माती उचलली आणि दिगंबरच्या छातीवर थापली. हाताखाली काळीज धाड धाड धाड करत होतं, बैल उधळावा तसं.

"हे बघा! कसं उडतंय! चोर घाबरलाय!"

"घाबरलाय खरा," वस्ताद म्हणाले.

"मग?"

वस्तादांनी नुसता पाण्याचा गडवा जवळ ओढला.

तेवढ्यात धैर्यशीलच्या छातीत पुन्हा थांबलं. ह्या खेपेला जरा जास्तच. डोळ्यांपुढं आखाडा काळा झाला आणि गुडघे मातीत टेकले. कुस्तीत कुणी टेकवले नव्हते ते गुडघे.

दिगंबरनं त्याला काखेत धरलं.

"सोड... तू न्हाई... दुसरं कुणीतरी..."

"दुसरं कोण हाय हितं? मी म्हातारा उचलू व्हय तुला?" वस्तादांनी आपल्या गडव्यातलं पाणी त्याच्या ओठाला लावलं. धैर्यशीलनं आधी गडव्यात वाकून बघितलं. बघितलंच! मग दोन घोट घेतले.

"ती गोळ्यांची पट्टी खिशात ठेव, डॉक्टरला दाखव. आणि दिगू, पाठीवर घे ह्याला. दवाखाना पाराच्या पलीकडंच हाय, पळत सूट."

दिगंबर खाली वाकला. भल्या थोरल्या पैलवानाला त्यानं पाठुंगळी उचललं, जसं पोतं उचलावं. ज्या गड्याला हाकलायला आला, त्याच्याच मानेला मिठी मारायची वेळ. धैर्यशीलचे हात गळ्यापाशी येऊन थबकले.

त्यानं मान मागं वळवली. आवाज बारीक झालेला.

"वस्ताद... ह्यानं वाटेत आपटलं तर?"

"आपटलंच, तर येऊन सांग मला."

...काय बघताय माझ्या तोंडाकडं? संपली गोष्ट. जावा आता.